ढोके मॅडमचा कमीत कमीचा नियम

झिऱ्याच्या टेकडीवर पुन्हा सर्व्हे सुरू झाला आहे. बाहेरून तीन मुलं आली आहेत, सोबत लॅपटॉप, ड्रोन आणि नव्याकोऱ्या टोप्या. परवा ती पांढुर्ण्याला आमच्या संघटनेच्या खोलीवर आली. बसायच्या आधीच त्यातल्या एकाने विचारलं, “दीदी, वहाँ चौसिंगा है या नहीं?”

मी म्हटलं, “है-नहीं मत पूछो. कितना, वो पूछो.”

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. आणि मला कळलं की हे मी बोलले नाही. माझ्या तोंडून ढोके मॅडम बोलल्या.

मॅडम इथून गेल्या त्याला आता बराच काळ झाला. त्यांच्यावर कोणी काही लिहिलं नाही, लिहिणारही नाही. टेकडीकडच्या लोकांना त्या जिंदाबादपुरत्या आठवतात, संत्र्याच्या बगीचेवाल्यांना शिवीपुरत्या. मला सवय पत्रकं लिहायची. पत्रकात माणूस एक तर आपला असतो नाही तर त्यांचा. मॅडम या दोन्ही खान्यांत मावत नाहीत, तरी लिहिते. कारण त्यांना ज्या कोंडीत पकडलं गेलं ती कोंडी जंगलातल्या जनावराने तयार केली नव्हती. ती टेबलामागे बसणाऱ्यांनी तयार केली होती, आणि हे कोणीतरी साफ सांगायला पाहिजे.

शालिनी ढोके सौंसरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. पद अतिथी विद्वान. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: कायमची नेमणूक न देता वर्षानुवर्षं राबवून घ्यायच्या प्राध्यापकाला आमच्या मध्य प्रदेशात अतिथी विद्वान म्हणतात. त्याला पाहुण्याचा मान मिळत नाही आणि विद्वान म्हणून कोणी काही विचारत नाही. मॅडमचं गाव लोधीखेड्याच्या अलीकडचं. घरी थोरला भाऊ, वहिनी आणि संत्र्याचा लहानसा बगीचा. बांधणी ठेंगणी, चाल भरभर, आणि साडी असो की सलवार, पायात पोरांचे कॅनव्हासचे बूट. पर्समध्ये संत्र्याची वाळकी साल असायची. डोकं दुखलं की ती हुंगायच्या आणि आम्हालाही हुंगायला द्यायच्या.

त्या कशालाच सरळ हो किंवा नाही म्हणत नसत. चहा गोड झाला का विचारलं की डावा तळहात आडवा करून छातीपर्यंत धरायच्या. म्हणजे एवढा. बस आली का विचारलं की, “धूळ दिसून राहिली. निम्मी आली.” त्यांच्या भावाला याचा फार राग. तो एकदा माझ्यासमोर म्हणाला, “हिले पाहाले पाहुणे आले होते. पोरगा पसंत हाये का म्हनून इचारलं तं म्हने, बराचसा. पोरगं चहा टाकून उठून गेलं ना बापा!”

मॅडम हसून म्हणाल्या, “त्याले पूर्ण एक पाहिजे होता. माझ्याजवळ पाऊण होता.”

माझी त्यांची ओळख भांडणानेच झाली. झिऱ्याच्या टेकडीवर गिट्टीची, म्हणजे खडीची, खदान येणार अशी कुणकुण लागली होती. टेकडीला उन्हाळ्यातही पाझरणारा झिरा आहे, खालची दोन गावं त्यावर जगतात, आणि वर चौसिंगा आहे असं गुराखी सांगायचे. चार शिंगांचं हरीण, लाजाळू, एकटं राहणारं. कायद्याने त्याला मोठं संरक्षण. मी पत्रक लिहिलं, ‘झिऱ्याच्या टेकडीवर चौसिंगा आहे! खदान हटवा!’ आणि जाणकार म्हणून मॅडमचं नाव टाकायची परवानगी मागायला गेले. त्यांनी पेन काढलं, ‘आहे’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘असण्याची बरीच शक्यता आहे.’

“मॅडम, असं पत्रक लोक वाचणार नाहीत. भजे बांधायला वापरतील.”

“वापरू दे ना. भजे खातांनी तरी खरं वाचतील.”

तेव्हापासून त्या मला पुढारी म्हणायला लागल्या. “या पुढारी, बसा पुढारी.” त्यात टोमणा किती आणि माया किती हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी तळहात आडवा धरला असता.

त्यांचं काम नेमकं काय, हे मला त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून कळलं. कुठलं जनावर कुठे राहू शकतं याचा संगणकावर नकाशा काढायचा. नकाशाच्या चौकटीचौकटीला शून्य ते एक यांमधला आकडा द्यायचा, म्हणजे ती जागा त्या जनावराला किती मानवेल. असे नकाशे वेगवेगळे लोक वेगवेगळ्या रीतीने काढतात आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. ते ताडून पाहायचे आणि त्यांचा एक करायचा, हा मॅडमचा विषय. त्यासाठी त्या फझी लॉजिक, म्हणजे हो आणि नाही यांच्या मधल्या पायऱ्यांचं गणित, वापरायच्या. हा शब्द त्यांनी फळ्यावर लिहिलाच नाही. टेबलावर भावाच्या बगीच्यातली संत्री ओळीने मांडली, गर्द हिरव्यापासून पिवळ्याजर्दपर्यंत.

“पिकलेली कुठून सुरू होतात? पट्टी ठेवा.”

एका पोरीने पट्टी ठेवली. मागून एक पोट्टा ओरडला, “काहून वं, तिथलं तं व्यापारी कच्चं म्हनून बाजूला काढते!” त्याने येऊन पट्टी पुढे सरकवली. तिसऱ्याने मागे आणली. वर्गात अर्ध्या मुलांच्या घरी संत्री, त्यामुळे भांडण खरंखुरं लागलं.

“व्यापारी पट्टी तिकडं ठेवते, त्याले भाव पाडाचा राहते,” मॅडम म्हणाल्या. “तुमचे बाबा इकडं ठेवतात. संत्र्याले पट्टी माहीतच नाही. आता पट्टी फेका आणि एकेकाले आकडा द्या, किती पिकलं त्याचा.”

मग त्यांनी तीन मुलं पुढे बोलावली. एकाने रंग पाहून आकडा द्यायचा, दुसऱ्याने दाबून, तिसऱ्याने फोड चाखून. एकाच संत्र्याला तीन आकडे आले. “आता कोणाचा धरता? कमीत कमी असंल तो धरला, तं तिघाइलेबी कबूल हाये तेवढंच पिकलेलं. जास्तीत जास्त असंल तो धरला, तं एकाले जरी पिकलं वाटलं तरी पिकलं.”

“बरोबर कोणतं, मॅडम?”

“चुकलं तं नुकसान कोणाचं, ते पाहून ठरवाचं.”

घंटा झाली, पोरांनी संत्री खाऊन टाकली. ज्याने पट्टी पुढे सरकवली होती त्यानेच सगळ्यात हिरवं संत्रं खाल्लं आणि तोंड वाकडं केलं.

आता मुख्य गोष्ट. टेकड्यांच्या पायथ्याचा एक पट्टा वन्यजीवांसाठी राखायचा असं वर कुठेतरी ठरलं आणि एक समिती नेमली गेली. पट्ट्यात ज्याचं शेत-वावर येईल त्याने नवी बोअर, तारेचं कुंपण, काहीही करायचं तर परवानगीसाठी दारोदार फिरायचं. समितीपाशी चौसिंग्याचे तीन नकाशे होते. एक पाऊस, चढउतार आणि पाणी यांवरून काढलेला. दुसरा उपग्रहाच्या फोटोतला हिरवेपणा पाहून. तिसरा लोकांना दिसलेल्या खुणांवरून. तिन्ही जुळवायचं काम मॅडमकडे आलं.

दुसऱ्या, म्हणजे हिरव्या नकाशात संत्र्याचे सगळे बगीचे जंगल म्हणून आले होते. आकाशातून सागही हिरवा आणि संत्राही हिरवा. एसीत बसून फोटो पाहणाऱ्याला फरक कसा कळणार? बगीचेवाल्यांची झोप उडाली. मॅडमनी उपाय काढला, कमीत कमीचा नियम. प्रत्येक चौकटीला तिन्ही नकाशांतला सगळ्यात लहान आकडा धरायचा. बगीच्यांना हिरव्या नकाशाने भरभरून दिलं होतं, पण बाकी दोघांनी जवळपास काहीच दिलं नव्हतं. लहान आकडा धरला आणि बगीचे पट्ट्याबाहेर पडले.

गावात त्यांचा सत्कार झाला. शाल पांघरली देवराव काकाजींनी. काकाजी म्हणजे मॅडमच्या घराला लागून बगीचा असलेले म्हातारे शेतकरी, मॅडमच्या वडिलांच्या जागी. ते भाषणात म्हणाले, “आमच्या बगीच्यात चौसिंगा आला असता तं सोडला नसता. तोडणीले मजूर भेटत नाई, त्याले संत्रे तोडाले लावलं असतं.” सगळा मांडव हसला. मॅडमही हसल्या.

पण अहवालाच्या शेवटी त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं: ‘हाच नियम जिल्ह्यात सर्वत्र लावावा.’ भाऊ त्यांना म्हणाला होता, आपल्या भागापुरतं लिही, बाकीचं बाकीचे पाहतील. त्यावर मॅडमचं उत्तर, “घरापुरता केला तं त्याले नियम नाई म्हणत, दादा. वशिला म्हणतात.”

स्वतःच्या भावाचा बगीचा वाचतोय या संकोचापायी त्यांनी ते वाक्य लिहिलं. एखाद्या लबाड माणसाने ते कधीच लिहिलं नसतं.

खदानवाल्यांनी नेमकं तेच वाक्य उचललं. त्यांनी नवा तज्ज्ञ आणला नाही, नवा नकाशा काढला नाही. मॅडमचाच अहवाल, मॅडमचाच नियम त्यांनी झिऱ्याच्या टेकडीवर ठेवला. टेकडी नकाशात पांढरी आली, म्हणजे चौसिंग्याच्या लायकीची नाही.

“असं कसं?” मॅडम म्हणाल्या. “चाल, पाहून येऊ.”

वैशाख होता. टेकडीवर सावली नावाला नव्हती. साग, सालई, धावडा, सगळे उघडे. पायाखाली वाळकी पानं नुसती वाजत होती. मॅडम वाकून चालायच्या, मी आपली घाम पुसत मागे. झिऱ्याच्या वर एका झुडपापाशी त्या खाली बसल्या. लेंड्यांचा ढीग होता, जुन्यावर नव्या. चौसिंगा पुन्हापुन्हा एकाच जागी येऊन लेंड्या टाकतो. त्यांनी काडीने नवी लेंडी फोडली, आतून ओलसर हिरवी.

“मॅडम, आता तरी ‘आहे’ म्हणा.”

“आहे,” त्या म्हणाल्या. “इथं पूर्ण एक.”

त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. मी मोबाइल काढून फोटो घ्यायला लागले. मॅडम मात्र वर बघत होत्या, उघड्या सागांकडे. मग दगडावर बसल्या.

“हिरवा नकाशा उन्हाळ्यातल्या फोटोचा आहे गं. या दिवसांत बगीचे हिरवे आणि टेकडी उघडी. बाकी दोन्ही नकाशांनी टेकडीले भरपूर दिलं असंल. यानं दिलं नसंल. आणि मी म्हटलं, सगळ्यात कमी देईल त्याचं ऐका.” काडी फेकून त्या म्हणाल्या, “त्या नकाशाची एक चूक झाकाले मी नियम केला, आणि त्याच्याच दुसऱ्या चुकीले राजा करून ठेवलं.”

मला वाटलं, चला, मिटलं. चूक सापडली, दुरुस्त करा. पण समितीकडून उत्तर आलं की मंजूर झालेल्या अहवालात तुकड्याने बदल होत नाही. उघडायचा तर अख्खा उघडेल. म्हणजे नवा नकाशा होईपर्यंत बगीचे पुन्हा पट्ट्यात. हे ऐकून मी चिडले. म्हटलं, “होऊ द्या ना मॅडम! टेकडी एकदा फुटली की संपली. बगीचे तर जागेवरच राहतात.”

“पुढारी, तुमाले टेकडी दिसते. मले दोन्ही दिसते.”

बातमी गावात मॅडमच्या आधी पोचली. संध्याकाळी मी त्यांच्या घरी बसले होते तेव्हा अंगणात बगीचेवाले जमले. पुढे देवराव काकाजी. त्यांनी चपला काढल्या, ओसरीवर बसले, पाणी घेतलं नाही.

“बाई, आयकून राहिलो ते खरं हाये का?”

मॅडमनी पाण्याचा पेला पुन्हा त्यांच्यापुढे सरकवला.

“तुया हातानं लिवलं, आता तुया हातानं खोडू नोको. माई बोअर आटली. बगीचा पिवळा पडून राहिला. मशीनवाल्याले सांगून ठेवलं मी. पट्ट्यात गेलो तं बोअर मारू देतीन का मले?”

“नाही देणार, काकाजी.”

“मंग?”

“टेकडीखालच्या लोकाइचं पाणी जाते, काकाजी. चौसिंगा जाते.”

मागून कोणीतरी म्हणालं, “चौसिंगा काय मतदान करून राहिला का?” कोणी हसलं नाही. भाऊ आत निघून गेला. काकाजी उठले, चपला घातल्या आणि फाटकापाशी वळून म्हणाले, “तुया बापानं अन् म्या एकाच विहिरीचं पानी ओढलं, बाई.” मॅडमचा डावा हात थोडा वर आला, आणि तसाच खाली गेला.

समितीची सुनावणी पांढुर्ण्याला, मांडव टाकून. एका बाजूला टेकडीखालचे लोक आणि आम्ही, दुसऱ्या बाजूला बगीचेवाले, पुढच्या खुर्च्यांवर खदानवाले. त्यांच्या वकिलाने मॅडमचं ते वाक्य तीन वेळा मोठ्याने वाचलं. मॅडम उठल्या. माइक त्यांच्या उंचीला कोणी खाली केला नाही, त्यांनीच वाकवला. हिंदीत, जवळजवळ वर्गात शिकवावं तसं सांगितलं: बगीच्याबद्दल चूक झाली तर माणसाला विनाकारण जाच होतो, म्हणून तिथे शंकेचा फायदा शेतकऱ्याला. टेकडीबद्दल चूक झाली तर टेकडी परत येत नाही, म्हणून इथे शंकेचा फायदा टेकडीला. तिथे कमीत कमी, इथे जास्तीत जास्त. दोन प्रश्न वेगळे आहेत.

समितीचे साहेब घड्याळ बघत होते. “मैडम, आप ही ने लिखा है, सब जगह. नियम एक रखिए. या तो सब जगह रहेगा, या सब जगह से हटेगा. खाने के बाद बता दीजिए.”

आणि ते जेवायला गेले. लिहून ठेवा हे. दोन नियम लावायला त्यांना कोणत्या कायद्याने अडवलं होतं? कोणत्याच नाही. त्यांना फक्त एकच रकाना भरायचा होता. दोन गावांचं पाणी, शेकडो झाडं आणि एक मुकं जनावर, यांचा निवाडा त्यांनी एका अतिथी विद्वानाच्या डोक्यावर ठेवला आणि ते पुरी-भाजी खायला गेले.

मॅडम मांडवाच्या खांबाला टेकून बसल्या. मी शेजारी जाऊन म्हटलं, “म्हणून टाका मॅडम. आम्ही आहोत तुमच्या मागे.”

“तुमी मागं आहात,” त्या म्हणाल्या, “अन् ते समोर.” समोर काकाजी डब्यातली भाकर खात होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही.

साहेब परतले. “हाँ मैडम?”

“मेरा नियम गलत था. वापस लेती हूँ.”

“पूरा?”

“पूरा.”

आमच्या बाजूने एकच ओरडा झाला. ढोके मॅडम जिंदाबाद. कोणीतरी हार आणला. मॅडमनी तो हाताने अडवला. “बंद करा रे हे. बंद करा.” घोषणांत ते कोणाला ऐकू गेलं नाही. बगीचेवाले एकेक करून उठले आणि मांडवाबाहेर गेले.

पुढचं थोडक्यात सांगते. खदान थांबली, ती आजही थांबलेली आहे. नवा नकाशा लवकरच होणार होता. त्यासाठी मुलं आत्ता आली आहेत. तेवढा काळ बगीचे पट्ट्यात आणि काकाजींच्या बोअरचा अर्ज टेबलावर. बगीच्याच्या वरच्या अंगाची वाळलेली झाडं त्यांनी स्वतः तोडली. मॅडमना पुढच्या सत्रात नेमणूक मिळाली नाही. कारण कोणी दिलं नाही, मागायची सोय नसते. त्या दूर कुठल्या कॉलेजात गेल्या म्हणतात.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते सुनावणीच्याच दिवशी, पांढुर्ण्याच्या बस स्टँडवर. सौंसरकडे जाणारी बस एकच होती, त्यामुळे बगीचेवालेही तिच्यात आणि मॅडमही तिच्यातच. मी उरलेली पत्रकं घेऊन खिडकीखाली उभी होते. बस ठासून भरलेली, माणसं दांड्याला लोंबकळत होती. मॅडम खिडकीशी बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे कोणी बसत नव्हतं. बाया कडेवर लेकरं घेऊन उभ्या होत्या, पण बसत नव्हत्या.

देवराव काकाजी अगदी त्या सीटला लागून उभे. एका हाताने दांडा धरलेला, दुसऱ्या हातात रिकामा डबा.

मॅडम म्हणाल्या, “बसा नं, काकाजी.”

काकाजी समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले.

“गुडघे दुखते तुमचे. बसा.”

मग मॅडम उठल्या. पर्स खांद्याला लावली, सीटमधून बाहेर आल्या आणि काकाजींच्या बाजूला दांडा धरून उभ्या राहिल्या. उंची पुरत नव्हती, टाचा वर करून धरला होता. “तुमी उभे, तं मीबी उभी.”

कंडक्टर मागून ओरडला, “अरे दो सीट खाली पड़ी है, कोई तो बैठो!”

कोणी बसलं नाही. बस हलली तशी मॅडमचा तोल गेला आणि काकाजींनी बाहेर बघतबघतच डब्याचा हात मधे घातला. त्याला धरून त्या उभ्या राहिल्या. बस वळणावर गेली तेव्हा रिकाम्या सीटवर ऊन पडलं होतं.